क्रेतीय सगळेच लबाड काय?

विद्यार्थिमित्रहो, नव्या करारांतील तीताचें पत्र वर्गांत वाचीत असतां पहिल्या अध्यायाच्या बाराव्या वचनापाशीं बहुधा हशा पिकतो. क्रेत बेटांतील लोक सदैव लबाड, पशूंसारखे दुष्ट आणि आळशी खादाड असतात, असा त्या वचनाचा आशय आहे. हशा ओसरल्यावर एखादा विचारी मुलगा उभा राहून विचारतो, "गुरुजी, एका सबंध लोकसमूहाविषयीं असें बोलणें पवित्र शास्त्रास शोभतें काय? आणि शास्त्रच असें बोलतें, तर आम्हीं कां बोलूं नये?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर टाळणें योग्य नाहीं.

अशा कठोर वचनाचा अर्थ लावितांना तीन गोष्टी पाहाव्या: बोलणारा कोण, त्याचा हेतु कोणता, आणि त्याच ग्रंथांत पुढें काय लिहिलें आहे.

प्रथम, बोलणारा कोण? हे शब्द मूळचे पौलाचे नाहींत. ते क्रेतच्याच एका संदेष्ट्याचे आहेत, असें पौल स्वतः सांगतो. हा संदेष्टा म्हणजे एपिमेनिदेस नांवाचा प्राचीन क्रेतीय कवि होय, अशी जुनी परंपरा आहे. आई आपल्या मुलाला "मेल्या, तुला कधीं अक्कल येणार?" असें म्हणते, तेंच शेजारणीनें म्हटलें तर भांडण होतें. शब्द तेच, पण नातें निराळें. शिवाय यांत एक कोडें आहे. सगळे क्रेतीय नेहमीं खोटेंच बोलतात असें एक क्रेतीयच सांगत असेल, तर त्याचें हें सांगणें खरें मानावें कीं खोटें? तर्कशास्त्राचे अभ्यासक हें कोडें एपिमेनिदेसाच्याच नांवानें ओळखतात. म्हणजे तें वाक्य अक्षरशः घेऊं गेल्यास तें आपणच आपणांस खोडून काढतें.

असें असलें तरी ही साक्ष खरी आहे अशी पुस्ती पौलानें जोडली आहे, हें लपवूं नये. म्हणून दुसरा प्रश्न: हेतु कोणता? पौलानें तीताला क्रेत येथें मागें ठेविलें होतें तें नगरोनगरीं मंडळ्यांचे वडील नेमण्यासाठीं. तेथें कांहीं शिक्षक पैशाच्या लोभानें नको तें शिकवून घरेंच्या घरें बिघडवीत होते. वचनाचा रोख त्यांच्यावर आहे. वडील मात्र निर्दोष, अतिथिप्रिय व द्रव्यलोभ नसलेले असावे, असें पौल त्याच अध्यायांत लिहितो. असे वडील परदेशांतून आणावे, असें तो कोठेंच म्हणत नाहीं. क्रेतच्या सर्वच लोकांत लबाडी रक्तांतूनच आली असती, तर ही आज्ञा व्यर्थ ठरली असती. त्यांना खडसावण्याचें कारणहि सांगितलें आहे: त्यांनीं विश्वासांत खंबीर व्हावें. वैद्य रोगाचें नांव घेतो, तें रोग्याला घराबाहेर काढण्यासाठीं नव्हे.

तिसरी गोष्ट, पुढें वाचावें. तिसऱ्या अध्यायांत कोणाचीहि निंदा करूं नये असें बजावून, आपणहि पूर्वीं निर्बुद्ध व बहकलेले होतों, असें पौल कबूल करितो. दोष दाखविणारा स्वतःलाहि त्याच ओळींत उभा करितो. बाराव्या वचनापाशींच पुस्तक मिटणारास हें कळावें कसें?

जुन्या करारांतहि असेंच एक उदाहरण आहे. मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नाहीं, असें अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत लिहिलें आहे. वाटेंत इस्राएलास अन्नपाणी दिलें नाहीं आणि शाप देण्यासाठीं बलामाला मोलानें आणिलें, असें कारणहि तेथें दिलें आहे. परंतु त्याच शास्त्रांत रूथ नांवाची मवाबी स्त्री आपल्या विधवा सासूला न सोडतां तिच्याबरोबर बेथलेहेमास येते, शेतांत सरवा वेंचून तिला पोसते, आणि पुढें दावीद राजाची पणजी होते. मत्तयानें येशूच्या वंशावळींत तिचें नांव आदरानें घातलें आहे. समूहाविषयींच्या कठोर शब्दानें तिचें दार बंद झालें नाहीं.

या तीन गोष्टी न पाहिल्यास काय होतें, तेंहि इतिहासानें दाखविलें आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांत नोहा कनानाला शाप देतो. अमेरिकेंतील गुलामगिरीच्या समर्थकांनीं तो हामाच्या वंशजांना, म्हणजे त्यांच्या मतें काळ्या लोकांना, लागू केला. वस्तुतः शाप कनानाला आहे, हामाला नाहीं. रंगाचा तेथें उल्लेखच नाहीं. आणि शब्द नोहाचे आहेत. तरीहि १८६५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद होईपर्यंत त्या वचनाच्या आधारें कित्येकांनीं आपल्या मनाचें समाधान करून घेतलें.

आपल्या देशांत तर असा शिक्का मारण्यास शास्त्रवचनहि लागलें नाहीं. इंग्रज सरकारनें १८७१ मध्यें कायदा करून सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. त्यांतील निरपराध माणसांनाहि पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्यें तो कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या; पण लोकांच्या तोंडचा शब्द कायद्यानें पुसला जात नाहीं. अशा घरचा मुलगा आपल्याच बांकावर बसलेला असूं शकतो. वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली, कीं सर्वांची दृष्टि प्रथम त्याच्याकडे वळते. तो कांहीं बोलत नाहीं. खालीं मान घालून बसतो.

पालकांनाहि एक नम्र विनंति आहे. "ती जातच तशी" हें वाक्य मूल पाठ्यपुस्तकांतून शिकत नाहीं. घरीं जेवणाच्या पानावर ऐकतें.

मित्रहो, तीताचें पत्र पुन्हां वाचाल तेव्हां तें तिसऱ्या अध्यायापर्यंत वाचा. आणि वर्गांत पेन्सिल हरवलीच, तर दुसऱ्याकडे पाहण्यापूर्वीं आपलें स्वतःचें दप्तर झाडून पाहा.