शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या स्नायूंचे बळ

गुडघ्याच्या आतील बाजूची कूर्चा झिजली की पाय हळूहळू धनुष्यासारखा वाकतो व शरीराचा भार त्याच झिजलेल्या भागावर पडत राहतो. सांधा पूर्णपणे निकामी झाला नसेल, तर गुडघ्याखाली नडगीचे हाड कापून त्याचा कोन बदलता येतो आणि भार बाहेरील निरोगी भागाकडे वळविता येतो. या शस्त्रक्रियेस 'ऑस्टिओटॉमी' म्हणतात. जॅक्सन व वॉ यांनी १९६१ मध्ये इंग्लंडमधून आणि डॉ. मार्क कॉव्हेन्ट्री यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतून तिच्यासंबंधी लेख प्रसिद्ध केले.

हाड सरळ झाले, तरी मांडीच्या पुढील स्नायूंचे बळ आपोआप परत येत नाही. याचे कारण केवळ अंथरुणावरील विश्रांती हे नव्हे. सांध्यात साचलेला द्रव व वेदना यांमुळे मज्जारज्जूकडून स्नायूंना मिळणारी चेतनाच दबली जाते. रुग्ण मनापासून प्रयत्न करतो, पण स्नायू आवळला जात नाही. घरातील माणसे यास आळस समजतात, हे अन्यायाचे आहे. सूज उतरविणे हा या दृष्टीने व्यायामाचाच एक भाग होय.

आरंभ अगदी साधा असतो. शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या अनुमतीने पाय सरळ ठेवून, गुडघ्याची मागील बाजू अंथरुणावर दाबून मांडी पाच सेकंद आवळावी व सैल सोडावी. त्यानंतर पाय न वाकविता वर उचलण्याचा व्यायाम येतो. पाय उचलताना गुडघा किंचित वाकत असेल, तर स्नायू अद्याप दुर्बल आहे असे समजावे.

वजने बांधून करावयाच्या व्यायामास क्ष-किरण चित्रात हाड जुळल्याचे दिसेपर्यंत थांबावे लागते. त्यास बहुधा दीड ते तीन महिने लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा काळ लांबतो. या व्यायामाची पद्धत शिकागो येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तिचे सुटसुटीत रूप रूढ झाले. जे वजन कसेबसे दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने प्रथम दहा वेळा, मग पाऊणपटीने दहा वेळा व अखेरीस पूर्ण वजनाने दहा वेळा व्यायाम करावयाचा आणि बळ वाढेल तसे वजन वाढवावयाचे. खेड्यात घोट्यास बांधलेली वाळूची पिशवी या कामी पुरेशी ठरते. मात्र ती तोलून भरलेली असावी.

दोन्ही मांड्यांचा घेर फितीने मोजण्याची पद्धत उपयुक्त असली, तरी घेर समान झाला म्हणजे शक्ती समान झाली असे मानता येत नाही. जिना उतरताना पाय डगमगतो का, हे पाहणे अधिक बोलके. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. कुबड्या सुटलेला शिक्षक दिवसभर वर्गात उभा राहू शकेलच असे नाही; काही काळ त्यास खुर्चीवर बसून शिकविण्याची मुभा देणे हिताचे असते.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात न्यावे. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे ते लक्षण असू शकते.