पाव : एक लहान शब्द आणि त्याचीं अनेक कुळें

गेल्या पावसाळ्यांत कळंब येथें एका घरीं बसलों असतां एक लहानसा प्रसंग घडला. सुनेनें मंचरच्या बाजारांतून आणलेला पाव चहाबरोबर पुढें ठेवला. सासूबाईंनीं बशी दूर सारली. "हें पायांनीं तुडविलेलें पीठ, म्हणून तर त्याला पाव म्हणतात," असें त्या म्हणाल्या. सून खालीं पाहूं लागली. हें म्हणणें आपल्याकडे पुष्कळांच्या तोंडीं आहे. तें खरें आहे काय, हें ह्या पाठांत पाहूं.

१. चौथ्या हिश्शाचा पाव. संस्कृतांत पाद म्हणजे पाय. जनावराचे पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. ह्या अर्थीं पाद शब्द प्राकृतांतून उतरत उतरत मराठींत पाव झाला. सव्वा म्हणजे स-पाद, पावासहित; पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावानें उणें. पावली आणि पावशेर हीं ह्याच घरचीं लेकरें. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर गेला, आणि २५ पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें. तरी भाजी घेतांना आपण पाव किलोच मागतों. आपला पाय, हिंदीचा पाँव आणि पायजम्यांतील फारसी पाय हे सर्व एकाच मुळाचे. तेव्हां पायापासून निघालेला पाव तो हा. आणि त्याचा विटाळ तर कोणीच मानीत नाहीं!

२. मिळण्याचा पाव. 'नवसाला पाव' असें लोक म्हणतात, तेथें पावणें हें क्रियापद आहे. तें संस्कृत प्र आणि आप् ह्यांपासून आलें. अर्थ मिळणें, पोहोंचणें. पैसे पावले म्हणजे पावती देतात, ती ह्यावरूनच. गांवीं येणारा 'पावणा' मात्र ह्या कुळांतला नव्हे; तो पाहुणा, संस्कृत प्राघुण. आणि पावन हा शब्द 'पू' म्हणजे शुद्ध करणें ह्या धातूपासून झाला.

३. खाण्याचा पाव. हा शब्द समुद्रावरून आला. पोर्तुगीज लोकांनीं १५१० मध्यें गोवा घेतला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे होती. ह्या पदार्थास ते नाकांतून 'पाँव' असें म्हणतात, आणि तो लॅटिन 'पानिस्' ह्या शब्दापासून झाला. गोव्यांत पीठ फुगविण्यास माडी वापरीत, आणि पाव भाजणारास तेथें पोदेर म्हणतात. तेंही नांव पोर्तुगीजच. १५४३ मध्यें पोर्तुगीज जपानांत पोहोंचले, आणि तेथील लोक आजही पावाला 'पान' म्हणतात. पाहा, जपानचा पान आपल्या पावाचा सख्खा भाऊ. पण पावशेरांतला पाव त्याचा कोणी लागत नाहीं. कोठें कोणी पीठ पायांनीं तुडविलें असेल वा नसेल. पावाचें नांव त्यावरून पडलें नाहीं.

४. नुसत्या नादानें फसूं नये. चीन देशांत वाफेवर शिजविलेला एक मऊ गोळा खातात. त्याला 'पाओ' म्हणतात. नाद जुळला, पदार्थही जुळला. तरी नातें नाहीं. त्या शब्दाचा मूळ अर्थ गुंडाळणें असा आहे. स्पेन देशांतील कॅटलान भाषेंत 'पाउ' म्हणजे शांति, आणि पौल ह्या नांवाचें रूपही 'पाउ'च. लॅटिनांतील दोन निराळे शब्द झिजून एक झाले. हवाई बेटांत 'पाउ' म्हणजे संपलें! ह्यावरून बोध हा कीं, शब्दाचें कुळ त्याच्या आवाजावरून ठरवूं नये. तो कोणत्या वाटेनें आला तें विचारावें.

५. ह्या शब्दानें काय केलें. एके काळीं पाव खाल्ला म्हणजे जात गेली असें मानीत. जातिभेद मोडावा म्हणून १८४९ मध्यें मुंबईंत परमहंस सभा गुप्तपणें निघाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या पुढाऱ्यांपैकीं होते. सभासद होणारास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं, तेव्हां भीतीनें सभाच मोडली. एका घासाला एवढी किंमत होती!

आतां ह्याच कुळांतला दुसरा शब्द पाहा. कंपनी सरकारामुळें 'कंपनी' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोंचला. त्याच्या पोटीं लॅटिन 'कोम्', म्हणजे सह, आणि तोच 'पानिस्' आहे. कंपनी म्हणजे मुळांत एकत्र भाकर खाणारे सोबती. आपण ज्याला रोटीव्यवहार म्हणतों, तोच ह्या शब्दांत आहे. ज्या पावानें आपल्याकडे पंगत मोडली, त्याच पावाच्या मुळापासून दूर देशीं सोबतीचें नांव झालें.

हें सर्व त्या घरीं सांगितलें. सासूबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें. त्या दिवशीं त्यांनीं स्वतः पाव खाल्ला नाहीं, पण दूर सारलेली बशी आपल्या हातानें सुनेपुढें ठेवली आणि म्हणाल्या, "तूं खा, बाई. मीं उगीच नांव ठेवलें."

अभ्यासासाठीं प्रश्न : (१) सव्वा आणि पाऊण ह्यांत 'पाव' कोठें लपला आहे? (२) नाद व पदार्थ दोन्ही जुळूनही चिनी 'पाओ' आपल्या पावाचा नातलग कां नव्हे? (३) ऐकीव गोष्टीवरून आपण कोणाच्या अन्नाला किंवा माणसाला नांव ठेवलें आहे काय?