मोरस : खाडीकाठची विस्मृत भाजी

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, ‘नगराभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये.’ जीवक रिकाम्या हाताने परतला. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मानले.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मुलामुलींनी हा पाठ आपल्या खाडीकाठी गिरवावा, असे आम्हांस वाटते. आरंभ मोरसेपासून करावा.

तिवरांच्या मागे, भरतीचे पाणी अधूनमधून पोहोचणाऱ्या खाजणात आणि मिठागरांच्या बांधांवर मोरस वाढते. तिची पाने बारीक, लांबट व रसाळ असतात आणि पुष्कळदा तांबूस होतात. खाऱ्या जमिनीतून पाणी शोषणे सामान्य रोपांना जमत नाही. मोरस मात्र क्षार पानांच्या पेशींत साठवते. पेशीरस जमिनीतील पाण्याहून अधिक खारा झाल्याने पाणी मुळांकडे ओढले जाते. म्हणूनच पाने खारट लागतात. किनाऱ्यावरील स्त्रियांनी हे जिभेने ओळखले होते. त्या कोवळे शेंडे उकळून, पाणी पिळून टाकून कांद्यासह भाजी करतात. कोणी हरभऱ्याची डाळ घालतात, कोणी जवळा. मीठ मात्र जपूनच!

पालक, बीट आणि चाकवत हे मोरसेचे सगोत्र. त्यांपैकी बिटाचा पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावरील रानटी बीट होय. माणसाने त्याला शेतात आणले. उलट प्रवासही घडतो. रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये नेलेली ‘अलेक्झांडर्स’ ही भाजी शतकानुशतके परसात लावली जाई. पुढे सेलरीने तिची जागा घेतली. आज ती तेथील किनाऱ्यांवर रानोमाळ वाढते. भाजी रानटी की घरची, हे तिच्या गुणांइतकेच माणसाच्या आवडीवर ठरते.

या आवडीत प्रतिष्ठेचाही वाटा असतो. बाजारातील भाजी मानाची आणि खाजणातील भाजी गरिबीची, अशी समजूत रुजली की ज्ञान एका पिढीत बुजते. आजीला ठाऊक असलेले नातवाला ठाऊक नसते. ज्या श्रमिकांनी रानभाज्यांवर कठीण दिवस काढले, त्यांचे हे ज्ञान लाजेचे नव्हे, विद्येचे आहे.

मोरसेला परसबागेचा आधार नाही. खाजण गेले की तीही जाते. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. ठाणे खाडीस 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही तिवरांमागची उघडी खारजमीन अनेकांना ‘पडीक’च दिसते. शिवाय कारखान्यांचे व नाल्यांचे सांडपाणी चिखलात जड धातू सोडते आणि अशा चिखलातील वनस्पती ते शोषू शकतात. म्हणून शहरालगतच्या खाडीतील मोरस ओळखावी, पण खाऊ नये. खाण्याजोगी वनस्पती खाण्याजोगी न उरणे, हीच आपल्या खाडीची खरी प्रकृती सांगते.

विद्यार्थ्यांनी ओहोटीच्या वेळी शिक्षकांसह जाऊन मोरसेचे चित्र काढावे, जागा नोंदवावी आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून तिची कृती लिहून घ्यावी. पालकांनीही आपल्या आठवणी त्या वहीत उतरवाव्यात. भाजी पुन्हा ताटात येण्यासाठी आधी खाडी स्वच्छ व्हावी लागेल. तोवर तिचे नाव तरी आपल्या मुलांच्या ओठी राहो.