हॅन्डब्रेक ओढण्याआधी

बाबा, फोर बाय फोर घेतलीस, चांगलं केलंस. पाऊसकाळात आपल्या काळ्या रानातून साध्या गाडीनं जाणं म्हणजे ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडणं. पण चार गोष्टी कानात ठेव. गॅरेजातले उस्ताद लोक हे पोरांना पान्यांची नावं शिकवण्याआधी सांगायचे.

लातूर-नांदेडचा आपला मुलूख बहुतेक सपाट. गाडी गियरमध्ये टाकायची, किल्ली काढायची आणि चालायला लागायचं, हीच सवय. हॅन्डब्रेक आठवतो तो माहूरच्या चढावर, पुढची बस थांबली की. तोवर केबल गंजून बसलेली असते. म्हणून पहिलं सांगणं: सपाटीवरसुद्धा हॅन्डब्रेक रोज वापर. वापरात असलेली केबल मोकळी राहते.

गाडीची जात ओळख. थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घे. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडतो, मध्ये डिफरन्शियल नसतं. अशा वेळी चालत्या गाडीत हॅन्डब्रेक जोरात ओढलास, तर मागची चाकं अडतात आणि शाफ्टमधून पुढचीही अडतात. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. झटका बसतो तो ट्रान्सफर केसला आणि शाफ्टच्या क्रॉसला.

कोडियाक, कंपास किंवा ऑलग्रिपवाली ग्रँड विटारा वेगळी. तिथे मागच्या चाकांना जोर द्यायला प्लेटांचा क्लच असतो आणि तो किती दाबायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. याच्याही पुढची जात म्हणजे मधलं डिफरन्शियलच कॉम्प्युटरच्या ताब्यात असलेली गाडी. मित्सुबिशीनं २००१च्या लान्सर इव्होल्यूशन ७ मध्ये ते दिलं. सुबारूच्या एसटीआयमध्येही तसंच होतं. रॅलीत आखूड वळणावर ड्रायव्हर हॅन्डब्रेक ओढतो, तेव्हा मागची चाकं अडायला हवीत आणि पुढची फिरत राहायला हवीत. मधला जोड घट्ट राहिला तर इंजिन एकीकडे ओढणार, ब्रेक दुसरीकडे. म्हणून दांडा ओढला की स्विच कॉम्प्युटरला कळवतो आणि मधला क्लच सैल होतो.

मीटरवरचा लाल दिवा बघ. हॅन्डब्रेकचा दिवा लावणारा स्विच अशा गाडीत नुसता दिवा लावत नाही. दांडा एक खटका वर राहिला, तर लायनर घासतातच; शिवाय हॅन्डब्रेक ओढलेला आहे असं समजून कॉम्प्युटर मधला जोड सोडून देऊ शकतो. चिखलात मागून जोर येईना, तर इंजिनला शिव्या देण्याआधी तो दिवा बघ.

जुनी युक्ती नव्या गाडीत लावू नको. सुमो किंवा टू-व्हील बोलेरो रुतली आणि मागचं एकच चाक गरगर फिरायला लागलं, की जाणते ड्रायव्हर हॅन्डब्रेक दोन-तीन खटके ओढायचे. मोकळ्या चाकाला अडथळा झाला की डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही जोर देतं आणि गाडी निघते. युक्ती खरी आहे. पण कॉम्प्युटरच्या क्लचवाल्या गाडीत तीच उलटी पडते: दांडा ओढलास की मागच्या चाकांचा जोरच जायचा. तिथे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचं काम गाडी स्वतःच करते. लॉक मोड असेल तर लाव, अॅक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेव, बाकी काही करू नको.

चढावर लावताना क्रम पाळ. पाय ब्रेकवर, गियर न्यूट्रल, हॅन्डब्रेक वर, मग पाय हळूहळू सोड. गाडीचं ओझं हॅन्डब्रेकवर बसलं की मग गियर किंवा पार्क टाक. आणि ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलवर राहिला नाही ना, हे बघ. तो न्यूट्रलवर असेल तर पहिला गियरही गाडी धरत नाही आणि पार्कही नाही. सगळी भिस्त हॅन्डब्रेकवर येते.

जॅक लावण्याआधी दगड लाव. जुन्या विलिसच्या घराण्यातल्या जीपमध्ये हॅन्डब्रेक चाकांवर नव्हता, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर होता. मागचं एक चाक उचललं की ते उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि ब्रेक ओढलेला असूनही जीप घसरते. कुणाच्या शेतात अशी जीप अजून असेल, तर जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही. आजच्या गाडीतही मागचं एक चाक उचललं की धरायला एकच चाक उरतं, तेव्हा दगड तिथेही हवाच.

चिखलातून आलास तर ड्रम धू. काळ्या मातीचा राडा ड्रममध्ये वाळला किंवा ओढ्याचं पाणी आत राहिलं, की रात्रभर ओढलेले लायनर ड्रमला चिकटून बसतात. घरी यायच्या आधी पायाचा ब्रेक हलका दाबत थोडं चाल, म्हणजे लायनर सुकतील. त्या रात्री सपाटीवर गियरमध्ये लाव, दगड लाव, हॅन्डब्रेक सोडून ठेव.

टोचन लावू देऊ नको. लातूर-नांदेड हायवेवर गाडी बंद पडली, तर दोन चाकं उचलून दोन ओढत नेणारी क्रेन परत पाठव. फिरणारी चाकं मधला क्लच आणि डिफरन्शियल जाळू शकतात. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलाव.

आणि शेवटचं. रिकाम्या रस्त्यावर हॅन्डब्रेक ओढून गाडी गरकन फिरवायचा नाद करू नको. रॅलीची गाडी त्यासाठी बनवलेली असते, तिच्यात बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. उतारावर वेग आवरायचा तर खालचा गियर आणि पायाचा ब्रेक वापर. पायाचा ब्रेक दगा देईल तेव्हाच चालत्या गाडीत हॅन्डब्रेक, तोही बटण दाबून धरून हळूहळू. एरवी हॅन्डब्रेक हा उभ्या गाडीसाठीच आहे.