एक संगणक, अनेक विद्यार्थी : जुन्या यंत्रांचा शाळेत उपयोग

शाळेत संगणक एक आणि वर्गात मुले चाळीस, अशी स्थिती असली म्हणजे एक मूल कळफलकापुढे बसते व इतर त्याच्या खांद्यावरून पाहतात. काठावर बसून पोहणे येत नाही, तसाच संगणकही नुसता पाहून येत नाही. नेकनूरसारख्या मोठ्या गावची शाळा असो वा भोवतालच्या वस्तीवरील, नवी यंत्रे घेण्याइतका निधी प्रत्येक शाळेजवळ नसतो. अशा वेळी जुन्या यंत्रांचा उपयोग कसा करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

तत्त्व. चार इयत्ता एकट्याने सांभाळणारा शिक्षक पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवावयास लावतो, दुसरीला उदाहरणे घालतो व तेवढ्यात तिसरीचे वाचन घेतो. प्रत्येक वर्गाला वाटते, गुरुजी आपलेच आहेत. बहुउपयोजक कार्यप्रणाली हेच करते. क्षणाचे बारीक तुकडे पाडून ती प्रत्येकाचे काम आळीपाळीने पुढे नेते. प्रत्येकाचे खाते व परवलीचा शब्द वेगळा असल्याने एकाची वही दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

पूर्वपीठिका. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला, तो फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या जुन्या यंत्रावर. डेनिस रिची हे त्यांचे सहकारी होते. त्याच धर्तीवर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा रचला. तो विनामूल्य मिळतो. भारतात सी-डॅक या संस्थेने त्यावर आधारलेली बॉस ही प्रणाली भारतीय भाषांसाठी सिद्ध केली आहे.

यंत्रे कोठून मिळवावीत ? विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. यास्तव बँका, महाविद्यालये व कचेऱ्या चालती यंत्रे काढून टाकीत आहेत. ती लिनक्सला पुरेशी असतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने ती देणगीदाखल मागावीत अथवा अल्प किमतीत घ्यावीत व जडसंग्रह नोंदवहीत नोंदवावीत.

निवड. मुख्य यंत्र त्यांतल्या त्यात सबळ असावे : ६४ बिटांचा प्रोसेसर, निदान ८ जीबी रॅम व शक्य तर एसएसडी. इतर यंत्रे मुख्य यंत्रावरील प्रणाली वापरतात. एलटीएसपी या रचनेत ती तारेवरून सुरू होतात, म्हणून त्यांना हार्ड डिस्क नसली तरी चालते. दोन जीबी रॅम पुरते. जोडणीस एक नेटवर्क स्विच व केबली लागतात. आरंभ तीन-चार यंत्रांनी करावा.

घेण्यापूर्वी यंत्र अर्धा तास चालवून पाहावे. पंखा फिरतो काय, जळका वास येतो काय, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले आहेत काय, हे तपासावे. तारीख वारंवार चुकत असल्यास बहुधा आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती स्वस्तात बदलता येते. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मात्र मुळीच घेऊ नये. जुन्या मालकाची माहिती पुसून घ्यावी.

दक्षता. मुख्य यंत्र बंद पडले की सारा वर्ग थांबतो. म्हणून त्यास यूपीएस व चांगले अर्थिंग द्यावे आणि मुलांच्या कामाची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

वर्गकार्य. पहिल्या तासास प्रत्येक मुलाने स्वतःच्या खात्यात प्रवेश करून आपले नाव व गाव मराठीत टंकावे. दुसऱ्या दिवशी वेगळ्या यंत्रावर बसून तेच लेखन उघडावे. आपली वही कोणत्याही पाटावर बसून उघडते, हे मुलाला त्या वेळी आपोआप उमगेल. व्याख्यानाची गरज पडणार नाही.