पगाराच्या आकड्यामागचे तास

वैमानिकाची पहिली नोकरी लागली की घरात आधी पगार विचारतात, आणि फसगत तिथूनच सुरू होते. आपल्याकडे को-पायलटच्या पगाराचे साधारण दोन तुकडे असतात: एक ठरावीक रक्कम, दुसरा उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता. ठरावीक रकमेत किती तास धरले आहेत, हे आपणच विचारायचे असते. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमाने वर्षाला १००० तासांवर उडता येत नाही, म्हणजे महिन्याला सरासरी ८३. कुणी ९५ तासांवर पगार मांडून दाखवला, तर तो एखाद्या महिन्याचा खरा असेल, वर्षाचा नव्हे. त्यातून आजारपण आणि सिम्युलेटरचे दिवस वजा करा. २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती, तेव्हा या दुसऱ्या तुकड्याची किंमत सगळ्यांनाच कळली. कर्जाचा हप्ता पहिल्या तुकड्यातून निघतो का, एवढेच मी आधी पाहीन.

यावर कुणी म्हणेल, थकवा येऊ नये म्हणून नियम आहेत ना! आहेत, आणि चांगले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्र पहाटे सहापर्यंत धरली गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. पण अंमल लांबत गेला. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला आला, डिसेंबरात एका कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली आणि तिला काही काळ सवलत मिळाली. शिवाय नियम सांगतो तो कमाल ताण. रोस्टर लावणारा त्या कमाल रेषेला खेटूनच आखणी करतो. त्यात बेकायदा काही नसते, पण लागोपाठ दोन दिवस पहाटे अडीचला उठणे त्यात बसते.

बेसचा, म्हणजे ड्यूटी कुठल्या शहरातून सुरू होणार याचा, प्रश्न या थकव्याशीच जोडलेला आहे. तो कंपनीच्या गरजेने ठरतो. 'मुंबई मिळेल' हे तोंडी आश्वासन करारात नसेल तर नाहीच समजा. आणि मुंबई मिळाली तरी डोंबिवलीत राहून पहाटेचा स्टँडबाय करायचा म्हणजे झोप गाडीत. 'मिळेल ते घ्यावे, तास जमवावे, मग बदलू' हा सल्ला मला अर्धाच पटतो. तास हवेतच, पण मुदतीआधी सोडल्यास भरायची बाँडची रक्कम आणि सहा महिन्यांची नोटीस (कमांडरला तर वर्षाची) हा बदल महाग करतात. कर्मचारी म्हणून मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांचे कौतुक मात्र कमी करा. ती बहुधा जागा रिकामी असेल तरच. त्याऐवजी उडण्यासाठी लागणारे क्लास वन मेडिकल प्रमाणपत्र गेले तर परवाना गमावल्याचा विमा कंपनी देते का, किती रकमेचा आणि कितव्या महिन्यापासून, हे विचारा. रुग्णालयाचे बिल भरणारा विमा वेगळा, आणि बरेच नवे वैमानिक दोन्ही एकच समजतात.