घोड्याच्या कातडीवरील गाठी आणि केसांचे विकार

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा घोड्याची चाल पाहतो, दातांवरून वय ठरवितो आणि अंगावरचे भोवरे कोणत्या जागी आहेत याची तर फारच बारकाईने तपासणी करतो. एखादा भोवरा अशुभ ठरला की ठरत आलेला सौदा मोडतो. परंतु त्याच घोड्याच्या कानामागे, शेपटीच्या बुडाशी किंवा मांडीच्या आतल्या अंगाला हरभऱ्याएवढी गाठ असली, तर तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच तर ‘चामखीळ आहे, शेपटीचा केस आवळून बांधला की गळून पडेल’ असे सांगून विकणारा वेळ मारून नेतो. भोवऱ्याने घोड्याचे काही बिघडत नाही. गाठीने मात्र बिघडू शकते.

देशातील घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात असलेले घोडे व तट्टे २०१९ च्या गणनेत सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. तरीसुद्धा खाजगी मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानमध्ये, महाबळेश्वर-पाचगणीत, लग्नाच्या वरातीत आणि वीटभट्टीवरच्या गाढवा-खेचरांच्या पाठीवर आजही कित्येक कुटुंबांची चूल अवलंबून आहे. अशा घरातील एक जनावर महिनाभर बसून राहिले, तर त्याची झळ सर्व घराला लागते. म्हणून कातडीच्या विकारांबाबत एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. गाठ दिसताच ती कापू नये, डागू नये व तीवर मोरचूद किंवा चुना थापू नये. ती कशाची आहे, हे प्रथम ठरवून घ्यावे. दिसण्यात एकसारख्या असणाऱ्या गाठींपैकी एक आपोआप नाहीशी होते, दुसरी डिवचल्याने फोफावते आणि तिसरी माणसाच्याही जिवावर बेतू शकते.

चामखीळ आणि सारकॉइड

खरी चामखीळ ही बहुधा एक ते तीन वर्षांच्या शिंगरांना होते. नाकपुड्या व ओठांभोवती बारीक, खरखरीत, करड्या रंगाचे पुष्कळ फोड एकदम उठतात. हा विषाणूजन्य विकार आहे व एकाच बादलीत पाणी पिणाऱ्या शिंगरांत तो पसरतो. अंगात प्रतिकारशक्ती निर्माण झाली की तीन-चार महिन्यांत चामखिळी गळून पडतात. केस बांधण्याच्या उपायाला जे यश आल्यासारखे वाटते, त्याचे श्रेय बहुतेक वेळा केसाचे नसून काळाचे असते.

मोठ्या घोड्याला एकाकी ‘चामखीळ’ येते तेव्हा मात्र सारकॉइडचा संशय घ्यावा. घोड्यांच्या कातडीवरील गाठींत ही जगभर सर्वाधिक आढळणारी गाठ होय. तिचा संबंध गायी-बैलांना चामखीळ आणणाऱ्या विषाणूशी आहे, हे संशोधनाने स्पष्ट झाले आहे. गुरे व घोडे एकाच गोठ्यात बांधण्याची आपल्याकडील रीत आणि जखमेवर बसणाऱ्या माश्या पाहता, हा संबंध पशुपालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सारकॉइड फसवी असते. कधी ती केस गेलेल्या सपाट गोल चट्ट्यासारखी दिसते व गजकर्ण समजून तिच्यावर महिनोन्‌महिने मलम चोळले जाते. कधी ती कातडीखाली गोटीसारखी लागते. कधी लाल, ओलसर, रक्ताळलेल्या मांसासारखी वाढते आणि जखमेचे ‘मांस वाढले’ असे समजले जाते. ती शरीरातील इतर अवयवांत पसरत नाही, त्यामुळे घोडा तिने सहसा दगावत नाही. परंतु तंगाच्या जागी, लगामाच्या कडेला किंवा पापणीवर ती आली तर जनावर कामातून जाते.

सपाट व शांत असलेली सारकॉइड अर्धवट कापली, डागली किंवा खाजवून रक्ताळली, तर ती पुष्कळदा उग्र रूप धारण करते आणि पूर्वीपेक्षा मोठी होऊन उगवते. तपासणीसाठी तुकडा काढण्यापूर्वी पशुवैद्यकही याच कारणास्तव विचार करतात. गाठ कोठे आहे, केवढी आहे व कोणत्या प्रकारची आहे हे पाहून शस्त्रक्रिया, गोठवून नष्ट करणे, गाठीत औषध टोचणे किंवा विशिष्ट मलम यांपैकी उपाय निवडावा लागतो. काही वेळा केवळ नजर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. दर महिन्याला दोऱ्याने गाठीचे माप घेऊन ते वहीत टिपून ठेवावे. हे काम घरातील शाळकरी मूलही करू शकते आणि पशुवैद्यकाला त्या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

पावसाळ्यातील न भरणारी जखम

पावसाळ्यात चिघळून वर येणाऱ्या घोड्यांच्या जखमांना उत्तर भारतात ‘बरसाती’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात लष्करी पशुवैद्यकांनी हे नाव आपल्या ग्रंथांत जसेच्या तसे उचलले. त्या जखमेतून निघणाऱ्या कठीण, पिवळट खड्यांना ते ‘कंकर’ म्हणत, आणि पाश्चात्त्य पशुवैद्यकाच्या पुस्तकांत तो शब्द आजही टिकून आहे. आपल्या मुलखातील मोतद्दारांनी ज्याला नाव दिले, त्याची कारणे कळायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

आज असे दिसते की या एका नावाखाली निदान दोन निरनिराळे रोग येत होते. पहिल्यात घोड्याच्या जठरातील जंतांच्या अळ्या माशीच्या वाटे जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा मूत्रेंद्रियाच्या आवरणावर उतरतात. तेथे त्या वाढू शकत नाहीत, पण जखम भरूही देत नाहीत. तीत तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे दिसतात. यावर जंतनाशक औषध व माश्यांचा बंदोबस्त असे दोन्ही उपाय एकदम करावे लागतात. लीद रोजच्या रोज उचलून तबेल्यापासून दूर खड्ड्यात झाकली नाही, तर औषधाचा परिणाम टिकत नाही.

दुसरा रोग साचलेल्या पाण्यातील बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो. डबक्यात, तळ्यात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायाला किंवा पोटाला तो जडतो. जखम दिवसागणिक वाढते, तीतून चिकट तारा सुटतात आणि खाज इतकी असह्य असते की घोडा ती जागा दातांनी फाडू लागतो. खऱ्या अर्थाने कंकर सापडतात ते येथे. या रोगात विलंब घातक ठरतो; रोगट भाग लवकर व पूर्णपणे काढला तरच घोडा वाचण्याची आशा असते. पायावरची कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर तिला साधी जखम म्हणणे सोडून द्यावे आणि जनावर दवाखान्यात न्यावे.

पांढरे घोडे

वरातीसाठी पांढऱ्या घोड्याला मागणी असते व किंमतही चांगली येते. पण पांढरे घोडे दोन जातकुळींचे असतात, हे घेणाऱ्याने जाणले पाहिजे. काही शिंगरे काळी किंवा तांबूस जन्मतात आणि वर्षागणिक पांढरी होत जातात; त्यांची कातडी काळीच राहते. अशा घोड्यांच्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती व जबड्यामागे उतारवयात काळ्या, टणक, गोटीसारख्या गाठी येतात. त्यांना मेलानोमा म्हणतात. पंधरा वर्षांवरील अशा बहुसंख्य घोड्यांत त्या आढळतात. केस पांढरे करणारा आनुवंशिक बदलच या गाठींनाही कारणीभूत असल्याचे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. गाठी वर्षानुवर्षे संथ राहतात, पण पुढे लीद टाकण्यास अडथळा आणू शकतात किंवा आतील अवयवांत पसरू शकतात. बाजारात असा घोडा घेताना शेपूट उचलून पाहण्यास संकोच करू नये.

नुकरा घोडा जन्मतःच पांढरा व गुलाबी कातडीचा असतो. त्याला मेलानोमाचे भय फारसे नाही. त्याचा शत्रू ऊन आहे. नाकाची कातडी भाजते आणि पापण्यांवर, डोळ्याच्या कोपऱ्यातील पडद्यावर किंवा मूत्रेंद्रियावर कर्करोगाचा व्रण होऊ शकतो. डोळ्यातून सतत पाणी येत असून कोपऱ्यात लहानसा लालसर खरखरीत भाग दिसला, तर एक दिवसही वाया घालवू नये. येथे सारकॉइडच्या उलट, लवकर कापून काढणे हाच उत्तम उपाय ठरतो. दुपारी सावलीत बांधणे एवढी खबरदारी कोणालाही घेता येईल.

केस झडणे व खाज

केसांच्या तक्रारी पुष्कळ असल्या तरी त्यांपैकी बऱ्याच ओलाव्यातून व अस्वच्छ खोगिरातून उद्भवतात. कोकणात व घाटमाथ्यावर चार महिने पाठ ओली राहिली की जिवाणूंमुळे खपल्या धरतात. खपली उचलली तर रंगाच्या कुंचल्यासारखा केसांचा झुबका तिच्याबरोबर निघतो. पाठ कोरडी ठेवणे, खपल्या हळुवारपणे काढून जाळणे व पशुवैद्यकाने दिलेल्या जंतुनाशकाने धुणे यांनी तो बरा होतो. गजकर्णाचे गोल चट्टे तंगाखाली व खोगिराखाली उठतात. एकच खरारा व एकच खोगीर पाच घोड्यांना वापरल्याने ते पसरतात. हा रोग हाताळणाऱ्यालाही लागतो, म्हणून चट्टे असलेला घोडा पर्यटकांना बसण्यास देऊ नये. आयाळ व शेपटीचे मूळ खाजवून उघडे पडले असेल, तर बारीक चावऱ्या चिलटांचा संशय घ्यावा. ती तिन्हीसांजेला व पहाटे चावतात. त्या वेळी घोडा जाळी लावलेल्या तबेल्यात असावा. म्हातारा घोडा उन्हाळा आला तरी लांब केस टाकत नसेल, तर दोष कातडीत नसून मेंदूतील ग्रंथीत असतो.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. गुरांच्या गोचिडांवर वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध खेडोपाडी सहज मिळते व खाज सुटलेल्या घोड्यालाही लावले जाते. ते घोड्याला वर्ज्य आहे; त्याने आतड्यांची हालचाल मंदावून लीद अडते व पोटशुळाने घोडा दगावू शकतो. गाडीचे जळके ऑइल अंगाला चोळण्याची प्रथाही तितकीच त्याज्य होय.

ग्लँडर्स : ग्रामपंचायतीची जबाबदारी

पायाच्या आतल्या बाजूस दोरीत ओवल्याप्रमाणे ओळीने गाठी आल्या, त्या फुटून मधासारखा चिकट पू वाहू लागला, त्यातच नाकातून घट्ट स्राव व जबड्याखाली सूज असली, तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा जिवाणूजन्य रोग घोडे, खेचरे व गाढवे यांना होतो आणि माणसालाही होऊन प्राणघातक ठरतो. २००६ साली पुणे व पाचगणी येथे त्याने अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा डोके वर काढले आणि पुढे इतर राज्यांतही तो आढळला.

जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशा रोगाचा संशय येताच मालकाने ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळविणे बंधनकारक आहे. ती वर्दी पुढे जवळच्या पशुवैद्यकाकडे लेखी पोहोचवावयाची असते. मालकाने रोगी जनावर ताबडतोब इतरांपासून वेगळे करावयाचे असते. सदस्यांनी घोडेवाल्याला भीती घालण्याऐवजी हे नीट समजावून द्यावे, कारण जनावर जप्त होईल या धास्तीने रात्रीतून ते दुसऱ्या तालुक्यात हलविले, तर रोगही त्याच्याबरोबर जातो. पशुवैद्यकीय अधिकारी रक्ताचा नमुना घेतात. अंतिम निदान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निश्चित झालेल्या जनावरावर औषधोपचाराची मुभा नाही. त्याला वेदनारहित मृत्यू देऊन, शव न फाडता खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे लागते व अंथरूण जाळावे लागते. मालकाला शासनाच्या नियमांनुसार भरपाई मिळू शकते, मात्र त्यासाठी वर्दी व पंचनामा वेळेवर झालेला असावा लागतो. अहवाल येईपर्यंत त्या तबेल्यातील एकही घोडा बाजाराला, यात्रेला किंवा वरातीला जाऊ देऊ नये, उघड्या हाताने गाठींना स्पर्श करू नये आणि पाण्याची बादली स्वतंत्र ठेवावी.